शेजारी बसणारा शिक्षक : डॉ. फ्रँक लॉबाक

आपल्या मंडळ्यांतून एक तक्रार वारंवार कानी येते. तरुण पुढे येत नाहीत, जबाबदारी घेत नाहीत, उद्याचे पुढारी कोठून आणायचे, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. मग आपण एखादे शिबिर भरवतो, व्याख्याने ठेवतो, प्रमाणपत्रे वाटतो आणि पुढील वर्षी तीच तक्रार पुन्हा करतो. तरुणाला पुढारी कसे करावे, या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी फिलिपाईन्समधील एका सरोवराकाठी सापडले. ज्यांना ते सापडले ते पुढारी घडविण्यासाठी तेथे गेलेच नव्हते. त्यांचे नाव डॉ. फ्रँक चार्ल्स लॉबाक. साक्षरतेचा प्रेषित म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांच्या कार्याचा आरंभ मात्र एका पराभवातून व एका पश्चात्तापातून झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

लॉबाक यांचा जन्म २ सप्टेंबर १८८४ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बेंटन या लहानशा गावी झाला. वडील दंतवैद्य होते. फ्रँक बुद्धीने तल्लख. प्रिन्स्टन विद्यापीठाची पदवी त्यांनी १९०९ साली घेतली, न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत धर्मशिक्षण पूर्ण केले आणि १९१५ साली कोलंबिया विद्यापीठातून समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता बेघर भटक्यांचा. माणसे रस्त्यावर का येतात, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. म्हणजे तळागाळातील माणसाकडे त्यांचे लक्ष पहिल्यापासूनच होते. परंतु लक्ष असणे वेगळे आणि त्या माणसाला आपल्या बरोबरीचा मानणे वेगळे. हा दुसरा धडा शिकायला त्यांना आणखी पंधरा वर्षे लागावयाची होती.

१९१२ साली त्यांचा विवाह एफा सीली यांच्याशी झाला. १९१५ साली हे दांपत्य अमेरिकन बोर्डाचे मिशनरी म्हणून फिलिपाईन्समधील मिंडानाओ बेटावर गेले. अहमदनगर व मुंबईच्या जुन्या मिशन शाळा ज्या अमेरिकन मराठी मिशनने चालविल्या, ते मिशन याच बोर्डाचे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. लॉबाक यांचा ओढा मिंडानाओतील लानाओ सरोवराच्या परिसरात राहणाऱ्या मरानाओ लोकांकडे होता. मरानाओ म्हणजे सरोवराकाठचे लोक. ते इस्लामधर्मीय व स्वाभिमानी. १९०२ सालापासून अमेरिकन सैन्याशी त्यांच्या रक्तरंजित लढाया झालेल्या होत्या, त्यामुळे गोऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नव्हता. तेथे जाणे धोक्याचे ठरले आणि लॉबाक यांना उत्तर किनाऱ्यावरील कागायान येथे काम करावे लागले. पुढे १९२२ साली ते राजधानी मनिला येथे गेले व तेथील धर्मशिक्षण संस्थेत शिकवू लागले.

मनिलात त्यांचा नावलौकिक वाढला. संस्थेच्या अध्यक्षपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, आणि येथेच ती प्रसिद्ध घटना घडली. निवड मतदानाने होणार होती. स्वतःला मत देणे त्यांना प्रशस्त वाटले नाही, म्हणून त्यांनी आपले मत प्रतिस्पर्ध्याला दिले. निकाल लागला तेव्हा ते एका मताने हरले होते! ही घटना मोठेपणाची म्हणून सांगितली जाते व ती तशी आहेही. तथापि मोठेपणा दाखवून झाल्यावर माणसाच्या मनात काय चालते, हेही आपण पाहिले पाहिजे. लॉबाक यांच्या मनात कडवटपणा राहिला. उत्साह मावळला, प्रकृतीही खालावली. वयाची चाळिशी उलटलेली, हाती मोठे यश नाही आणि ज्या लोकांसाठी देश सोडला त्यांच्यापर्यंत पोहोचणेही झालेले नाही, अशी त्यांची अवस्था होती.

टेकडीवरील शोध

१९२९ च्या अखेरीस त्यांनी निर्णय घेतला व ते लानाओ सरोवराकाठच्या डान्सालान या गावी एकटेच राहावयास गेले. पत्नी व मुलगा दूर बागियो येथे राहिले. पहिले दिवस फार कठीण गेले. कोणी जवळ येईना. सायंकाळी आपला कुत्रा टिप याला घेऊन ते घरामागील सिग्नल हिल या टेकडीवर जात, सूर्यास्त पाहत बसत व देवाशी बोलत. अशाच एका सायंकाळी त्यांना स्वतःचे खरे रूप दिसले. हे लोक माझ्याजवळ येत नाहीत याचे कारण त्यांच्यात नसून माझ्यात आहे. मी गोरा, सुशिक्षित, ख्रिस्ती म्हणून त्यांच्याकडे वरून खाली पाहतो, आणि प्रेमाचे कितीही शब्द उच्चारले तरी ही नजर त्यांना कळते, याची त्यांना जाणीव झाली. ते टेकडीवर रडले व खाली उतरले ते निराळे होऊन.

खाली आल्यावर त्यांनी प्रवचन दिले नाही. ते तेथील धर्मगुरूंकडे गेले. मरानाओ लोक आपल्या धर्मगुरूला 'पंडिता' म्हणतात. आपल्या भारतातून शेकडो वर्षांपूर्वी समुद्रापार गेलेला हा शब्द तेथे अजून नांदतो आहे. लॉबाक यांनी या पंडितांना विनंती केली की मला तुमचे कुराण शिकवा. दुसऱ्या दिवशी हातात कुराण घेतलेल्या माणसांनी त्यांचे घर भरून गेले. ज्याला कोणी दारात उभे करीत नव्हते, त्याला शिकवायला सारे गाव जमले. वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबा. पुढील चाळीस वर्षांच्या जगद्व्यापी कार्याची किल्ली येथेच आहे. माणसाला घेणारा करून ठेवले की तो दूर राहतो. त्याला देणारा केले की तो जवळ येतो.

तक्ता आणि पाठ

मरानाओ भाषा अरबी लिपीत थोड्या लोकांना लिहिता येई. बहुसंख्य लोक निरक्षर होते. त्यांची दीर्घ वीरगीते मात्र पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ होती. यांपैकी 'दारांगेन' या महाकाव्याला २००५ साली युनेस्कोने मानवजातीचा ठेवा म्हणून गौरविले. लॉबाक यांनी दोनाटो गालिया या फिलिपिनो शिक्षकाच्या साहाय्याने ही भाषा रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत बसविली, शब्द गोळा केले, छापखाना उभारला व लहानसे वृत्तपत्र सुरू केले. सर्व व्यंजने ज्यांत येतील असे अगदी मोजके, सर्वांच्या ओळखीचे शब्द त्यांनी निवडले आणि त्यांची फोड करून अक्षरे शिकविली.

पुढे अनेक भाषांतून काम करताना या पद्धतीला चित्रांची जोड मिळाली. आपल्या मराठीत सांगायचे तर समजा, 'प' हे अक्षर शिकवायचे आहे. प्रथम पतंगाचे चित्र, त्याच्याजवळ 'पतंग' हा शब्द, मग नुसता 'प'. शक्य तेथे चित्र असे काढावयाचे की वस्तूच्या आकृतीतच अक्षराचा आकार दिसावा. शिकणाऱ्याला चित्र ओळखीचे असते, शब्दही त्याच्याच तोंडचा असतो. नवीन असते ते फक्त अक्षर. तेव्हा ठाऊक असलेल्या वस्तूचा हात धरून तो ठाऊक नसलेल्या वस्तूपर्यंत जातो. एका ध्वनीला एक चिन्ह असलेल्या भाषांत ही पद्धत विलक्षण वेगाने चाले. आपल्या देवनागरीत उच्चार व अक्षर यांचा मेळ चांगला आहे. मात्र काना-मात्रा व जोडाक्षरे यांना अधिक वेळ द्यावा लागतो.

तथापि तक्त्यापेक्षा महत्त्वाची होती ती शिकविण्याची रीत. लॉबाक यांनी शिक्षकासाठी काही नियम घालून दिले. शिकणाऱ्याच्या समोर उभे राहू नका, शेजारी बसा. त्याला जे येत नाही ते त्याला विचारू नका. चुकला तर 'नाही' म्हणून हिणवू नका, योग्य उत्तर आपणच सहज सांगा व पुढे चला. प्रत्येक पावलावर त्याचे कौतुक करा. पाठ लहान ठेवा. प्रौढ माणूस दिवसभर शेतात राबून आलेला असतो आणि आपण अडाणी आहोत ही लाज त्याने जन्मभर वाहिलेली असते. ती लाज आणखी एकदा त्याच्या पदरी घातली, तर तो उद्या येणार नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतील फिलिप्पाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. कूशी अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचीत होता, पण अर्थ कळत नव्हता. फिलिप्प रस्त्यावर उभा राहून त्याला समजावीत बसला नाही. तो रथात चढला व त्याच्या शेजारी बसला. लॉबाक यांची सारी शिक्षणपद्धती या एका कृतीत सामावली आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पैसा संपला, काम वाढले

लानाओत काम जोमाने चालू होते. शिकविण्यासाठी तरुण मरानाओ शिक्षक पगारावर नेमले होते. इतक्यात जागतिक मंदीची झळ मिशनला लागली व अमेरिकेतून येणारा पैसा आटला. शिक्षकांना पगार देता येईना. लॉबाक यांनी गावच्या प्रमुखांना बोलावून सांगितले की आता ही मोहीम थांबवावी लागेल. त्या सभेत काकाई दागालांगित नावाचा एक दरारा असलेला सरदार होता. तो उठला व त्याने जाहीर केले की जो शिकला त्याने दुसऱ्या एकाला शिकविलेच पाहिजे. न शिकवील त्याला मी ठार मारीन! त्याच्या धमकीची अंमलबजावणी करण्याची वेळ आली नाही. सर्वांनी शिकविले. 'प्रत्येकाने एकाला शिकवावे' हे ज्या सूत्राने लॉबाक यांचे नाव जगभर गेले, ते असे एका मुसलमान सरदाराच्या तोंडून व रिकाम्या तिजोरीतून त्यांच्या कार्यात आले. लॉबाक यांनी हे श्रेय कधी लपविले नाही. धमकी अर्थातच त्यांनी सोडून दिली व प्रेम ठेवले.

वाचकहो, पगार बंद झाल्याने येथे काय घडले ते नीट पाहा. पूर्वी शिक्षक मोजके होते व विद्यार्थी पुष्कळ. आता प्रत्येक विद्यार्थी शिक्षक झाला. काल ज्या पोराला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, तो आज आपल्या मामाला, शेजाऱ्याला, आपल्या आईला शिकवू लागला. ज्याने एकाला शिकविले त्याला आपला शब्द ऐकला जातो याचा अनुभव येतो. वेळेवर जाणे, धीर धरणे, दुसऱ्याच्या यशात आपले यश मानणे हे गुण तो व्याख्यानांतून शिकत नाही, कामातून शिकतो. पुढारीपण ते हेच. लॉबाक यांनी वेगळे नेतृत्व-शिबिर भरविले नाही. अक्षरे देताना त्यांनी प्रत्येकाच्या हाती दुसऱ्या एका माणसाची जबाबदारी दिली.

वर्ध्याची भेट

१९३५ साली स्वदेशी जाताना लॉबाक भारतात आले. त्यानंतर ते पुनःपुन्हा आले व हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू अशा अनेक भाषांतील कार्यकर्त्यांबरोबर बसून त्यांनी तक्ते तयार करविले. त्या पहिल्या भेटीत ते वर्ध्याला महात्मा गांधींना भेटले. गांधीजी सहज होकार देतील अशी त्यांची अपेक्षा असावी. पण गांधीजींनी शंका काढली. अक्षरज्ञान म्हणजे शिक्षण नव्हे. निरक्षर असूनही थोर झालेली माणसे आहेत. आणि वाचता येऊ लागलेल्या खेडुताच्या हाती तुम्ही कोणते वाङ्मय देणार, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

ही शंका लॉबाक यांनी मनावर घेतली, आणि आपणही घेतली पाहिजे. कारण साक्षरतेच्या मोहिमा बहुधा येथेच अपयशी ठरतात. १९३७ नंतर प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली. बिहारात शिक्षणमंत्री डॉ. सय्यद महमूद यांनी १९३८ साली विद्यार्थी व शिक्षकांना हाताशी धरून मोठी मोहीम काढली. मुंबई इलाख्यातही प्रयत्न झाले. १९३९ साली मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, युद्ध आले व तो वेग ओसरला. शिकलेली अक्षरे वापरली नाहीत तर पुसली जातात, ही गोष्ट त्या काळापासून आजपर्यंत अनेक ठिकाणी अनुभवास आली आहे. नवसाक्षराला सोपी, उपयोगी व मनोरंजक पुस्तके मिळाली नाहीत तर सारे श्रम वाया जातात, हे लॉबाक नंतर सतत सांगत राहिले. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट यांनी पुढे नवसाक्षरांसाठी सोपे वाङ्मय लिहिण्याचे व लिहिण्यास शिकविण्याचे काम आयुष्यभर केले.

भारतात या कार्याला एक स्थायी घर मिळाले. १९५२ च्या सुमारास लॉबाक अलाहाबादच्या कृषी संस्थेत हिंदी पाठ तयार करण्यास आले असता श्रीमती वेल्दी फिशर त्यांच्या कामात सहभागी झाल्या. या मेथडिस्ट बिशपांच्या विधवा पत्नी. १९४७ च्या अखेरीस गांधीजींनी त्यांना खेड्यांकडे जाण्याचा सल्ला दिला होता. त्यांनी १९५३ साली अलाहाबादेत साक्षरता निकेतन सुरू केले व १९५६ साली ते लखनौला नेले. खेड्यापाड्यांतील तरुण-तरुणींना तेथे शिक्षक म्हणून तयार केले जाई. कठपुतळीच्या खेळातून आरोग्य व शेतीचे धडे दिले जात. पत्र्याच्या पेटीत पुस्तके भरून ती फिरती वाचनालये गावोगाव पाठविली जात. गांधीजींच्या जुन्या शंकेला पत्र्याच्या पेटीने दिलेले हे उत्तर होते! श्रीमती फिशर यांना १९६४ साली मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले.

अखेरची वर्षे

१९५५ साली लॉबाक यांनी अमेरिकेतील सिरॅक्यूज येथे साक्षरतेसाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांतून ते अखेरपर्यंत फिरत राहिले. शंभराहून अधिक देशांत त्यांचे काम पोहोचले व तीनशेहून अधिक भाषांत पाठ तयार झाले. त्यांनी पुष्कळ पुस्तके लिहिली. भारताच्या साक्षरतेवरील त्यांचे पुस्तक १९४० साली जबलपूरला छापले गेले. ११ जून १९७० रोजी सिरॅक्यूज येथेच त्यांचे निधन झाले. १९८४ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, अमेरिकेने त्यांचे टपाल तिकीट काढले.

डान्सालान गावाचे नाव १९५६ साली मरावी झाले. १९५० साली तेथे स्थापन झालेले डान्सालान कॉलेज त्यांच्या कार्याची आठवण म्हणून उभे होते. २०१७ साली सशस्त्र अतिरेक्यांनी मरावी शहर ताब्यात घेतले, पाच महिने लढाई चालली आणि पहिल्याच दिवशी हे कॉलेज आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. मुसलमान व ख्रिस्ती यांनी शेजारी बसून शिकावे म्हणून उभारलेल्या इमारतीचा तो शेवट पाहून मन उदास होते. एका पिढीने मिळविलेला विश्वास दुसऱ्या पिढीला आयता मिळत नाही. तो प्रत्येकाने पुन्हा शेजारी बसूनच मिळवावा लागतो.

आपल्यापुढे काय?

१९५१ च्या जनगणनेत भारतात शंभरांत सुमारे अठरा माणसे साक्षर होती. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ७४ टक्क्यांवर गेले. प्रगती मोठी आहे. तरीही त्याच जनगणनेत सात वर्षांवरील सुमारे २७ कोटी माणसे निरक्षर आढळली आणि त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. हा पल्ला गाठण्यात तरुण स्वयंसेवकांचा वाटा लहान नाही. सातारा जिल्ह्यात १९५९ साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम गावाने गावासाठी चालविली. केरळातील एर्नाकुलम जिल्हा १९९० साली संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला, तो हजारो बिनपगारी स्वयंसेवकांच्या बळावर. या मोहिमा लॉबाक यांनी काढल्या नव्हत्या; पण तत्त्व तेच होते. २०२२ साली केंद्र सरकारने सुरू केलेला 'उल्लास' हा प्रौढशिक्षणाचा कार्यक्रमही स्वयंसेवकांवरच आधारलेला आहे.

आपण मराठी ख्रिस्ती कुटुंबे आज पुणे-नगरपुरती राहिलेली नाहीत. सुरत, इंदूर, बंगळूर, दिल्ली, कोठे कोठे आपण नोकरीनिमित्त पांगलो आहोत. ज्या इमारतीत आपण राहतो तिचा पहारेकरी, घरकामाला येणारी बाई, बांधकामावरचा मजूर यांपैकी कोणाला बसची पाटी वाचता येत नसेल, कोणाला बँकेत अंगठा उठवावा लागत असेल. आपल्या तरुण संघातील एका मुलाला वा मुलीला असा एकच माणूस सोपवा. दहा जण नकोत, एकच. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. वडीलमंडळींनी तेथे देखरेख करण्यासाठी उभे राहू नये. तक्ता, वही व पुढे वाचायला सोपी पुस्तके पुरवावीत. तो माणूस ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत त्याला शिकवावे, मग ती गुजराती असो वा कानडी. त्यासाठी आपल्या मुलाला आधी त्याच्याकडून काही शब्द शिकावे लागतील. तो संकोच बाळगू नये. लॉबाक यांनीही आरंभ शिकण्यापासूनच केला होता.

सहा महिन्यांनी त्या मजुराने आपल्या गावी स्वतःच्या हाताने पत्र लिहिले, तर तो साक्षर झाला असे आपण म्हणू. आणि ज्या मुलाने त्याला शिकविले, त्याच्याकडे मंडळीची एखादी जबाबदारी सोपविण्यास मग कोणी कचरणार नाही. मात्र एवढ्यावर थांबू नका. त्या मजुरालाही विचारा की आता तू कोणाला शिकविणार?